तबकडीवर नेम धरायचा, तर बंदूक कोणती?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यात राहून क्ले शूटिंगच्या हौसेसाठी सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन घ्यायचा बेत असेल, तर आधी हे समजून घ्या की ती तुम्हाला घेता येणार नाही. पैसे असले तरी नाही आणि वर ओळख असली तरी नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत पिस्तुलांचा अपवाद वगळता सेमी-ऑटोमॅटिक हत्यारे पहिल्या वर्गात, म्हणजे प्रतिबंधित शस्त्रांच्या रांगेत बसवली आहेत. वीस इंचांहून आखूड नळीची शॉटगनही तिथेच. अशा हत्याराला केंद्र सरकारची खास मंजुरी लागते आणि हौस हे त्यासाठी पुरेसे कारण धरले जात नाही. मंजुरीशिवाय असे हत्यार जवळ सापडले, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा कमीत कमी सात आणि जास्तीत जास्त चौदा वर्षांची आहे.

हे सुरुवातीलाच सांगायला हवे, कारण मोबाइलवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ अमेरिकेतले असतात. ते बघून कुणी 'मिळवून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागतो, बयाणा देतो आणि फसतो. किन्हवली-डोळखांबच्या बाजूला किंवा मुरबाड रस्त्याला शेतघर बांधलेल्या मुंबई-ठाण्याच्या मंडळींनी हे जास्तच लक्षात ठेवावे. गावाकडे आहोत म्हणून कायदा सैल होत नाही.

मात्र हौस सोडून देण्याचे कारण नाही. हा खेळ शिकायला आणि मनापासून खेळायला सेमी-ऑटोमॅटिक लागतच नाही. चांगली दुनळी पुरते. तबकडीसाठी तीच सरस, असेही माझे मत आहे, आणि त्याची कारणे पुढे येतील.

आधी खेळ नीट समजून घेऊ, कारण बंदूक खेळावरून ठरते. तबकडी नावाला मातीची. प्रत्यक्षात ती डांबरासारख्या राळेत चुनखडीची भुकटी मिसळून ओतलेली असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. यंत्र ती हवेत भिरकावते आणि ती खाली यायच्या आत छर्‍यांनी फोडायची. ट्रॅप प्रकारात यंत्रे समोर खंदकात असतात, नेमबाज त्यांच्या १५ मीटर मागे पाच जागांवर उभे राहतात आणि तबकडी त्यांच्यापासून लांब पळत जाते. एका फेरीला २५ तबकड्या, आणि प्रत्येकीवर दोन बार टाकायची मुभा. स्कीटमध्ये डावी-उजवीकडे दोन घरे असतात, एक उंच आणि एक बुटके. नेमबाज अर्धवर्तुळातल्या आठ जागांवरून आडव्या उडणाऱ्या तबकड्या फोडतो, तबकडीला एकच काडतूस. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवले तो प्रकार डबल ट्रॅप. २०१६ च्या रिओनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. केवळ हौसेने खेळणाऱ्यांसाठी स्पोर्टिंग नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात तबकड्या कधी जमिनीवरून सशासारख्या घरंगळतात, कधी झाडामागून बदकासारख्या उठतात.

ट्रॅपमध्ये तबकडी फुटते तेव्हा ती तुमच्यापासून साधारण ३०-३५ मीटरवर पोहोचलेली असते, स्कीटमध्ये वीसेक मीटरवर. नळीचे तोंड किती आवळलेले हवे, म्हणजे चोक कोणता हवा, हे या अंतरावरून ठरते. ट्रॅपला आवळ चोक, स्कीटला मोकळा. दोन्ही खेळायचे असतील तर चोक बदलता येणारी बंदूक उत्तम. ती न मिळाली तर एक नळी सुधारित सिलिंडर (मोकळी) आणि दुसरी मॉडिफाइड (थोडी आवळ) अशी जोडी नवशिक्याला पुष्कळ दिवस पुरते. दोन्ही नळ्या फुल, म्हणजे पूर्ण आवळ चोकच्या असलेली जुनी बंदूक मात्र स्कीटला नेऊ नका. जवळच्या तबकडीवर छर्‍यांचा झुबका इतका आवळ पडतो की जरा चुकले की पूर्ण चुकते आणि शिकणारा निराश होतो.

आता सेमी-ऑटोमॅटिकविषयी. ज्यांची मुले-नातवंडे इंग्लंड-अमेरिकेत आहेत आणि तिथे त्यांना ही बंदूक कायद्याने घेता येते, त्यांच्यासाठी हे लिहितो. दोन जाती ध्यानात ठेवाव्यात. पहिलीत बार उडताना दारूचा थोडा वायू नळीतल्या भोकातून बाहेर येऊन दट्ट्या मागे ढकलतो आणि त्या जोरावर रिकामी पुंगळी बाहेर पडून नवे काडतूस चढते. दुसरीत संपूर्ण बंदुकीच्या मागे येण्याच्या झटक्यावर आतली स्प्रिंग काम करते. पहिल्या जातीचा धक्का खांद्याला मऊ लागतो, पण काजळी फार धरते आणि ती नियमित साफ करावी लागते. दुसरी स्वच्छ राहते, पण हलकी असेल तर धक्का जाणवतो. हौसेसाठी घेणाऱ्याने पहिलीच घ्यावी, तीन किलोच्या वर वजनाची, आणि २४ ग्रॅमच्या हलक्या काडतुसावर ती न अडखळता चालते की नाही हे विकत घेण्याआधी दोन-तीन कंपन्यांची काडतुसे उडवून बघावे. बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हलक्या काडतुसावर पुंगळी अर्ध्यातच अडकते. या बंदुकांचा एक मोठा गुण म्हणजे दस्ता आणि यंत्र यांच्या मधल्या पातळ चकत्या बदलून दस्त्याची उंची आणि कल आपल्या मापाचा करून घेता येतो. दुनळीत त्यासाठी सुताराइतकाच कसबी बंदूकसाज गाठावा लागतो. इंग्लंडमध्ये पोलिसांचे शॉटगन प्रमाणपत्र लागते आणि मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसे बसता कामा नयेत. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे, अपवाद थोडे आहेत. रेंजवर भाड्याने घेतलेली बंदूकही हातात घेणे त्यातच येते, तेव्हा आधी वकिलाला विचारायला सांगा.

आपल्याकडे परवान्याने मिळू शकणाऱ्या बंदुका कोणत्या? शस्त्र अधिनियमाच्या १३व्या कलमात खेळ किंवा संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा आणि पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे बारा बोअरची एकनळी, दुनळी आणि हाताने सरकवून भरायची पंप-अॅक्शन या कायद्याच्या चौकटीत बसतात. पंप-अॅक्शन आयुध निर्माणीही बनवते आणि सेमी-ऑटोमॅटिकला पर्याय म्हणून दुकानदार तीच पुढे करतो. तबकडीसाठी मी ती सुचवणार नाही. दुसऱ्या बारासाठी पुढचा हात मागेपुढे करावा लागतो आणि तेवढ्यात गालाची बैठक हलते. आंतरराष्ट्रीय नियमांत तर सेमी-ऑटोमॅटिकला जागा आहे, पंप-अॅक्शनला नाही. उद्या स्पर्धेला उतरावेसे वाटले तर ती बंदूक फुकट जाते.

राहते दुनळी. ती उघडली की दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांना एका नजरेत दिसते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. दुनळीच्या दोन नळ्यांना दोन वेगळे चोक असू शकतात, म्हणून पहिला बार जवळ आणि दुसरा दूर असा ट्रॅपचा हिशेब बरोबर बसतो. पुंगळ्या शेजाऱ्याच्या अंगावर उडत नाहीत. आणि बिघडायला आत फारसे काही नसते. वरखाली नळ्यांची मिळाली तर पहिली पसंती तिला, कारण नजरेसमोर एकच अरुंद पट्टी येते. पण आपल्याकडे जुन्या आयात बंदुकाच हातोहात फिरतात आणि त्यांचा भाव दर्जापेक्षा टंचाईवर चढतो. नवी परदेशी ट्रॅप बंदूक आयात करण्याची सोय नावाजलेल्या नेमबाजांपुरती आहे, हौशी माणसासाठी नाही. त्यामुळे शेजारी-शेजारी नळ्यांची इछापूरच्या रायफल फॅक्टरीची किंवा जुनी इंग्लिश-बेल्जियन बंदूक हाच तुमच्या-माझ्यासारख्यांचा व्यवहार्य सौदा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. बिकानेरचे करणीसिंह यांनी १९६२ साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवले, त्या काळी आजच्या बऱ्याच सोयी बंदुकीला नव्हत्या.

यापुढचा भाग मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि बहुतेक जण तो सोडून देतात. बंदूक अंगाला बसते का? रायफलीत नेम डोळ्याने माशी जुळवून धरतात. शॉटगनमध्ये माशी जुळवायला वेळच नसतो. नजर तबकडीवर आणि बंदूक आपोआप तिकडे वळते, म्हणून इथे मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. दस्ता गालाला नीट बसला नाही तर डोळा चुकीच्या जागी जातो आणि बार दर वेळी एकाच बाजूला जातो. लोक दोष हाताला देतात, खरा दोष दस्त्याचा असतो.

तपासायचे असे. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतः बघा, मग शेजारच्याला बघायला सांगा. बोट चापाबाहेर. भिंतीवरच्या एखाद्या उंच खुणेकडे बघा, डोळे मिटा आणि बंदूक सहज खांद्याला आणून गाल दस्त्यावर टेका. मान पुढे काढायची नाही, खाली झुकवायची नाही. डोळे उघडा. टोकाचा मणी खुणेवर किंवा तिच्या किंचित खाली दिसला आणि पट्टीचा थोडासा भाग दिसला, तर बंदूक तुमची. मागची खिट्टीच मण्याच्या आड आली तर दस्ता तुम्हाला खाली पडतो. पट्टीचा लांबच लांब रस्ता दिसला तर तो उंच आहे आणि बार वरून जाईल. मणी डावीकडे किंवा उजवीकडे दिसला तर दस्त्याचा कल तुमच्या चेहऱ्याला जुळत नाही. हे पाच-सहा वेळा करा. एकदा जुळले आणि चारदा नाही, तर ते जुळले असे धरू नका.

लांबी बघायला त्याच अवस्थेत नाक आणि दस्ता धरलेल्या हाताचा अंगठा यांत किती अंतर उरते ते पाहा. दोन-तीन बोटे ठीक. अंगठा नाकाला टेकत असेल तर दस्ता आखूड आहे आणि पहिल्याच बाराला नाक फुटेल. प्रौढ पुरुषाला चाप ते दस्त्याचे टोक असे सव्वाचौदा-साडेचौदा इंच बहुधा चालतात. उंचीने कमी असणाऱ्यांना आणि बायकांना त्याहून कमी लागते. आजोबांच्या काळातली इंग्लिश बंदूक बऱ्याचदा लांब पडते. दस्ता तासून घ्यायला हरकत नाही, पण नळीला हात लावू नका. नळी कापून आखूड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे.

आणखी एक परीक्षा आजच घरी करा, बंदूक नसतानाही होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या विजेच्या खांबाकडे बोट रोखा. आता डावा डोळा मिटा. बोट जागेवर राहिले तर तुमचा उजवा डोळा बळकट. बोट सरकले तर डावा. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा डोळा बळकट असेल, तर बंदूक कितीही महागाची घेतली तरी तबकडी फुटणार नाही. अशा माणसाने सुरुवातीलाच डाव्या खांद्यावरून शिकावे किंवा डाव्या डोळ्यासमोर चष्म्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा. खर्च शून्य आणि फायदा फार मोठा.

आपल्या दोन्ही तालुक्यांत जुन्या घरांतून वडिलोपार्जित दुनळ्या निघतात आणि त्या कौतुकाने पुढे चालवाव्यात असे प्रत्येकाला वाटते. त्या आधी तपासा. लाकडी पुढचा भाग काढून नळ्या यंत्रात बसवा आणि दस्ता हलवून बघा. जरा जरी खुळखुळ लागली तर सांधा झिजला आहे. नळ्या सोडवून खालच्या आकड्याला बोटावर टांगा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर नळ्यांमधला जोड शाबूत, बद्द आवाज आला तर डाग सुटला आहे. खिडकीकडे धरून नळीतून आरपार पाहा. प्रकाशाची वर्तुळे एकसारखी दिसली पाहिजेत. एखादे वर्तुळ वेडेवाकडे दिसले तर तिथे पोचा आहे, आणि काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. नळीच्या बाहेर नक्षीसारखे सापाच्या अंगावरचे पट्टे दिसले तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या वळून केलेली जुनी दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या काळातली. तिच्यात आजची काडतुसे अजिबात घालू नका, भिंतीवर लावा.

नळीत काडतूस बसते त्या घराची लांबीही बघा. पुष्कळ जुन्या इंग्लिश बंदुकांचे घर ६५ मिलिमीटरचे असते, आजची बरीच काडतुसे ७० ची. ७० चे काडतूस ६५ च्या घरात सहज जाते आणि तिथेच धोका आहे. पुंगळीचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. हा आकडा नळ्यांच्या चपट्या भागावर कोरलेला असतो. वाचता येत नसेल तर परवानाधारक दुकानदाराकडून मोजून घ्या.

वारशाच्या बंदुकीचा कागदही तितकाच नाजूक असतो. परवानाधारक गेला की बंदूक घरात ठेवायची नाही, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावाचा परवाना मागायचा. २०१६ च्या नियमांत एक चांगली तरतूद आहे. परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षे असली, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. आबांच्या नावाची बंदूक असेल तर त्यांच्या डोळ्यांदेखत हे काम करून घ्या. मागाहून भावाभावांत संमतीपत्रांसाठी पायपीट होते. आणि परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन त्याला विशिष्ट क्रमांक मिळाला आहे की नाही, हेही तेव्हाच बघा. बंदूक विकत घेतानाही घाई चालत नाही. परवानाधारकाने दुसऱ्याला विकायची तर आधी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचे आणि ४५ दिवस थांबायचे, असा नियम आहे. 'आधी घेऊन जा, कागद मागाहून' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

नवा परवाना काढायचा तर शहापूर-मुरबाडसाठी अधिकार ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. चौकशी ठाणे ग्रामीण पोलीस करतात आणि ती तुमच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यातून होते, मग ते शहापूर असो, किन्हवली, कसारा, मुरबाड किंवा टोकावडे. कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाणे शहरात राहणाऱ्यांचा अर्ज मात्र पोलीस आयुक्तांकडे जातो. शेतघराचा सातबारा म्हणजे राहण्याचा पुरावा नव्हे, त्यामुळे जिथे खरोखर राहता तिथूनच अर्ज करा. वय २१ पूर्ण हवे. वैद्यकीय दाखला आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो. २०१९ पासून परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि सामान्य माणसाला दोनच हत्यारे ठेवता येतात. परवाना कुठल्या हद्दीत चालतो तेही वाचा. तो महाराष्ट्रापुरता असेल तर बंदूक घेऊन दिल्लीला जाता येत नाही.

दिल्लीचे नाव सहज नाही घेतले. ट्रॅप-स्कीटची सर्व सोय असलेली तुघलकाबादची डॉ. करणीसिंह रेंज तिथे आहे, दुसरी मोठी जयपूरला जगतपुरा इथे. आपल्याकडच्या बऱ्याच रायफल क्लबांत दहा मीटरच्या एअर रायफल-पिस्तुलाचीच सोय असते. म्हणून सदस्यत्वाचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ट्रॅप किंवा स्कीटचे मैदान आहे का आणि ते महिन्यातून किती दिवस चालते? महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे ही चौकशी करता येते. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रतेची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्याच नावाने भरते आणि तिच्यात शॉटगनचे वेगळे प्रकार असतात. क्लबमध्ये आधी सहा महिने क्लबची बंदूक वापरा. खांदा, डोळा, ट्रॅप की स्कीट, हे सगळे कळल्यावर स्वतःचा अर्ज करा. मी कुणालाही याच क्रमाने जायला सांगेन, कारण उलट क्रमाने गेलेल्यांच्या बंदुका कपाटात पडून राहतात.

काडतुसांचा हिशेब आधी मांडा. स्कीटच्या फेरीला पंचवीस लागतात, ट्रॅपच्या फेरीला पंचवीस ते पन्नास. आठवड्याला एकच फेरी धरली तरी वर्षाला १३०० ते २६०० काडतुसे. तुमच्या परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षात किती ते लिहिलेले असते, आणि सामान्य परवान्यावर हा आकडा गाठता येत नाही. म्हणून सराव क्लबच्या काडतुसांवर, स्वतःची अधूनमधून. तबकडीला २४ ग्रॅम शिशाची, ट्रॅपला साडेसात नंबरच्या आणि स्कीटला नऊ नंबरच्या छर्‍यांची काडतुसे हवीत. आपल्या बाजारात खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे ओळखीची आहेत. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया कंपनीत आहे. मात्र पीकराखणीसाठी आणलेली चार नंबर, बीबी किंवा एलजी तबकडीवर वापरू नका. एलजीचे मोठे दाणे फार लांब जातात आणि वाटेत कोण आहे ते कुणालाच दिसत नसते.

यावरून स्वतःच्या शेतात यंत्र लावून खेळण्याचा विषय निघतो आणि तो मी ठामपणे सोडून द्यायला सांगतो. रेंजला कायद्याने वेगळा परवाना लागतो, हा एक भाग. दुसरा भाग जमिनीचा. एक एकर जमीन चौरस धरली तर तिची बाजू जेमतेम ६४ मीटर भरते. साडेसात नंबरचे छर्रे दोनशे मीटरपर्यंत जाऊन पडतात आणि रेंज आखताना त्याहून जास्त, अडीचशे-तीनशे मीटरचा पट्टा मोकळा ठेवतात. आपल्याकडे बांधापलीकडे कुणाची गुरे असतात, कुणी काटक्या वेचत असते, कुणी मोहाची फुले गोळा करत असते. मुरबाडच्या वरकस जमिनी मोकळ्या दिसतात, पण माणसांशिवाय नसतात. पंचवीस काडतुसांच्या एका फेरीत ६०० ग्रॅम शिसे मातीत जाते. शहापुरात भातसा, तानसा, वैतरणा ही मुंबईची पाण्याची धरणे आहेत, तानसा अभयारण्य आहे. हे शिसे पहिल्याच पावसात ओढ्याला लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे आणि जंगलाच्या कडेला बंदुकीचे बार ऐकू आले तर वनखाते तुमची तबकडी बघत बसणार नाही. रानडुकराचा त्रास खरा असला तरी त्यालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार टाकता येत नाही. पीकरक्षणाच्या ठासणीच्या परवान्यावर तबकडी फोडणेही बसत नाही. हळदीला, वरातीला हवेत बार काढणे २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा गुन्हा आहे.

कानांसाठी मफ्स आणि डोळ्यांसाठी चष्मा पहिल्या दिवसापासून वापरा. शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि गेलेले ऐकू येणे परत येत नाही. तबकडीचे तुकडे वाऱ्याने मागेही येतात.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा बंदुकीची वैरीण. जून ते सप्टेंबर ती चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत बंद ठेवली तर ओल धरून गंजते. खेळून आल्यावर नळ्या कोरड्या पुसा, आतून ब्रश फिरवा, हलका तेलाचा हात द्या आणि लोखंडी कपाटात उभी ठेवा, नळी खाली आणि दस्ता वर. म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा. घरात मुले असतील तर दोन किल्ल्या दोन माणसांकडे असू द्या.

शेवटची गोष्ट निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवान्याची बंदूक जमा करण्याची नोटीस येऊ शकते, मग ती विधानसभेची असो की जिल्हा परिषदेची. बंदूक महिनाभर किंवा त्याहून जास्त पोलीस ठाण्यात राहते. देण्याआधी आतून-बाहेरून दाट तेल लावा, काडतुसे काढून मोजा, बंदुकीचा मोबाइलवर फोटो काढा. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, नळीची स्थिती आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. बंदूक परत घेताना त्याच पावतीशी ताडून बघा, ठाण्यातच ती उघडून नळीतून आरपार पाहा आणि मगच सही करा.